सावली पुसणारा उजेड

जपानमधल्या नामेरिकावा बंदरातून होड्या निघतात त्या मध्यरात्र उलटून गेल्यावर. वसंत लागलेला असला तरी तोयामाच्या आखातावरचा वारा हाडांत शिरतो. किनारा अजून दिसत असतो, पण इथला तळ झपाट्याने उतरत हजार मीटरच्या खाली जातो. म्हणूनच खोल पाण्यातले जीव इथे बंदराच्या दाराशी येतात.

मासेमारांनी जाळं वर ओढत आणलं, दिवे मालवले, आणि पाणी निळं पेटलं. केवढं निळं! शेकडो ठिणग्या एकाच वेळी लुकलुकत होत्या आणि होडीवर कोणीच बोलत नव्हतं.

या होतारुइका, म्हणजे काजवा-माकुल. जेमतेम बोटाएवढ्या. जाळ्यात येतात त्या जवळजवळ सगळ्या माद्याच. नर मीलनानंतर मरून जातात आणि या अंडी घालायला किनाऱ्याकडे येतात. आयुष्य एका वर्षाचं. प्राध्यापक वातासे यांनी 1905 मध्ये इथे येऊन त्यांचा अभ्यास केला. शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे. या माकुलांचे थवे येतात तो समुद्रच 1952 पासून जपानचा विशेष नैसर्गिक वारसा आहे.

आपल्या कोकणातही कधी कधी रात्री लाटा निळ्या उजळतात, पण ते एकपेशी जीवांचं काम. या माकुलीच्या अंगात त्यासाठी खास अवयव असतात. त्यांत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि उजेड पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. दोन बाहूंच्या टोकांवर तीन-तीन ठळक दिवे. जाळ्यात आम्ही पाहिला तो मुख्यतः त्यांचाच लखलखाट. शत्रूला दचकवणारा, म्हणजे भेदरलेल्या जिवाचा. ते कळल्यावर मला त्या सौंदर्याकडे पूर्वीसारखं बघवेना.

खरं नवल पोटाकडच्या बाजूला आहे. तिथे शेकडो बारीक दीप पसरलेले असतात. अर्धवट उजेडाच्या पाण्यात खालून पाहणाऱ्या शिकाऱ्याला वरच्या प्रकाशावर माकुलीची काळी आकृती दिसायला हवी. पण तिचं पोट वरून येणाऱ्या उजेडाइतकंच उजळतं आणि आकृती पुसली जाते. लपण्यासाठी पेटायचं! अंधारात राहणाऱ्याखेरीज हे कोणाला सुचलं असतं?

डोळेही तसेच. बहुतेक माकुलांच्या डोळ्यांत एकच दृष्टिरंगद्रव्य असतं, हिच्या डोळ्यांत तीन. वरून झिरपणारा उजेड कोणता आणि दुसऱ्या जिवाने लावलेला दिवा कोणता, हे तिला त्यामुळे ओळखता येत असावं, असं अभ्यासक मानतात.