बॅटरीला ऊन बाधतं

अकोल्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात टेबलावर पाणी गेलेले फोन येतात, उन्हाळ्यात बॅटरी फुगलेले. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि त्याचा मार फोनलाही बसतो.

गेल्या उन्हाळ्यात एक रिक्षावाले दादा आले. "भाऊ, डिस्प्ले निघून राह्यला, चिकटवून द्या." कडेला नख जाईल एवढी फट पडली होती. असा डिस्प्ले दाबून चिकटवणं धोक्याचं, कारण त्याला आतून बॅटरीच ढकलत असते. फोन बंद केला, कडेने थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने मागचं झाकण हळूहळू सोडवलं. इथे धातूची पट्टी वापरायची नाही. फुगलेल्या बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते. आत बॅटरी उशीसारखी टम्म झाली होती. आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार झाला की असं होतं.

फोन कसा वापरता, विचारलं. दिवसभर स्टँडवर, समोरून ऊन, मॅप चालू आणि चार्जर लावलेला. म्हणजे बाहेरची उष्णता, आतली उष्णता आणि कायम शंभर टक्के, तिन्ही एकदम. लिथियम-आयन बॅटरीला याहून वाईट काही नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीला मल्टीमीटर लावला तर आजच्या फोनमध्ये ४.४ व्होल्टच्या आसपास दिसतात, अर्धी भरलेली असेल तर ३.८ च्या जवळपास. व्होल्टेज जितका चढा, तितकी आतली झीज जलद. त्यात ऊन मिळालं की झीज आणखी वाढते. नवी बॅटरी टाकून दिली आणि स्टँड सावलीच्या बाजूला घ्यायला सांगितलं. चार्जिंगही शक्यतो रिक्षा थांब्यावर उभी असताना, मॅप बंद करून करा, म्हटलं.

"बॅटरी पूर्ण उतरू द्यायची, मगच लावायची," असं अजून कितीतरी गिऱ्हाइकं सांगतात. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आल्या. त्यांना शून्यावर नेणं उलट जाचतं. थोडं थोडं चार्ज केल्याने काही बिघडत नाही. आज निम्मी वापरली, उद्या निम्मी, तर मिळून एकच सायकल मोजली जाते. म्हणून मी सगळ्यांना २० ते ८० टक्क्यांचा पट्टा सांगतो. आता बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्येच असते. गिऱ्हाईक हो म्हणालं तर मी ती लगेच चालू करून देतो.

पण खेड्यावरून येणाऱ्या शेतकऱ्याला मी हा नियम लावत नाही. लाइन कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नसतो. त्यांनी लाइन आहे तोवर खुशाल शंभर टक्के भरून घ्यावा. फोन वापरायलाच घेतलेला असतो. भरून लगेच वापरात आला तर नुकसान थोडंच होतं. रात्री मात्र तो उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्जिंगला लावू नये. तिथे उष्णतेला वाट मिळत नाही. फरशीवर किंवा उघड्या टेबलावर ठेवावा आणि जाड कव्हर काढावं.

फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. ती दाबली गेली की आग लागू शकते, आणि ती झळ गाडीवरच्या माणसाला बसते. मी दुकानात अशा बॅटऱ्या वेगळ्या ठेवतो आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतो.

बॅकअप देत नाही म्हणून चांगला चालता फोन मोडीत काढणारे रोज भेटतात. त्यातल्या पुष्कळांचं काम नव्या बॅटरीत भागतं. ज्यांची रोजची कमाई त्या फोनवर चालते, त्यांना कर्ज काढून नवा घ्यावा लागू नये, एवढ्यासाठी मी प्रत्येकाला हे सांगत बसतो.