पत्र्याचा तुकडा

आमचें कुटुंब जसें एकत्र, तशी आमची मोटारही एकत्रच आहे. २०१५ सालीं घेतलेली ही डिझेलची गाडी गेल्या पावसाळ्यापासून रुसल्यासारखी वागूं लागली. शनिवारवाडा ते ओंकारेश्वर हें अंतर तें काय! पण तेवढ्यांतही ती चौकाचौकांत थरथरे, निघतांना दम टाकी, आणि इंजिनाचा पिवळा दिवा कांहीं केल्या विझेना.

ईजीआर व्हॉल्व्हमध्यें कार्बन धरला आहे, असें मिस्त्रीनें निदान केलें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूचा कांहीं भाग परत आंत घेणारी ही झडप. एकदां जळालेला वायु पुन्हां आंत कशाला, असें आम्हांलाही वाटलें. परंतु हवेंत सुमारें ७८ टक्के नत्रवायु असतो, आणि इंजिनांतील अतितीव्र उष्णतेंत त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन छातीस अपायकारक अशीं नत्राचीं ऑक्साइडें तयार होतात. जळालेला वायु आंत मिसळला कीं ज्वलनाचा कडाका उतरतो व हीं ऑक्साइडें कमी होतात. मात्र त्याबरोबर काजळीही येते, तेलाच्या वाफेशीं मिसळून डांबरासारखी चिकटते. आणि पेठेंतल्या पेठेंत हिंडून कधीं नीट न तापणाऱ्या इंजिनांत ती लवकर सांचते.

नवी झडप बसवावयाची तर हजारोंचा खर्च. मिस्त्रीनें दुसरा मार्ग सुचविला: तोंडावर पत्र्याचा तुकडा बसवून वाटच बंद करावयाची. "गाडी झकास पळेल, आणि पीयूसीलाही अडचण नाहीं," असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें, हेंच आम्हांस खटकलें. डिझेल गाडीच्या त्या तपासणींत धुराची दाटी तेवढी पाहतात. नत्राचीं ऑक्साइडें मोजीतच नाहींत.

घरांत दोन दिवस वाद झाला. साऱ्या पुण्याच्या धुरांत आपल्या एका गाडीचें काय, असा धाकट्या बंधूंचा सवाल. आणि खरें सांगावयाचें तर, मनांतून आम्हीही त्यांच्याच बाजूचे होतों. वहिनींनीं इतकेंच विचारलें कीं, सर्वांची वाट पाहत गाडी रोज बोळांत घरघरत उभी असते ती कोणाच्या खिडकीखालीं? तात्यांच्या. तात्यांना दमा आहे. वाद तेथेंच संपला.

काम चाललें असतां आम्ही मुद्दाम जवळ उभे राहिलों. मिस्त्रीनें बॅटरीची तार सोडली, विजेची जोडणी काढली, बोल्ट सैल केले. जुनी झडप निघाली ती चुलीच्या धुराड्यासारखी काळीकुट्ट. जुनें गॅस्केट पुन्हां बसविल्यास वायु गळण्याचा संभव, म्हणून तेंही नवें घातलें, आणि शेवटीं स्कॅनर लावून दिवा घालविला.

निघतांना त्यानें बजावलें, "आठवड्यांतून एकदां तरी गाडी हमरस्त्यावर लांब पळवा, म्हणजे काजळी कमी धरेल." हें ऐकतांच आईनें थेऊरच्या चिंतामणीचें नांव काढलें. पहिल्या रविवारीं गाडींत कोणीं बसावयाचें, यावर आतां नवा वाद चालू आहे. पुढची जागा तात्यांची, एवढें मात्र ठरलें.