कारणे नमूद करून

भारतीय सैन्यदलात जवानाची वैद्यकीय योग्यता 'शेप' या पद्धतीने ठरते. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच घटकांना एक ते पाच अशा श्रेणी दिल्या जातात. पहिली श्रेणी कुठेही, कोणत्याही कामगिरीवर पाठवता येईल अशा धडधाकट माणसाची, आणि पाचवी सैनिकी सेवेस कायमच्या अपात्र ठरलेल्याची. यांतील 'एस' हा घटक मनाचा. उपचार करूनही त्याची श्रेणी सुधारत नाही आणि जवान सेवेत राहू शकत नाही असे मनोविकारतज्ज्ञाचे मत झाले, की प्रकरण इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे वैद्यकीय कारणास्तव सेवामुक्तीची शिफारस करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळापुढे जाते. अपशिंग्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे धाडणाऱ्या साताऱ्याकडच्या गावांत 'पोरगा बोर्ड आऊट झाला' एवढेच बोलले जाते आणि पुढचे कोणी विचारत नाही.

मंडळाला आजार कोणता आणि अपंगत्व किती टक्के हे तर ठरवावे लागतेच, पण जवानाच्या घराचे भवितव्य ज्यावर टांगलेले असते तो प्रश्न निराळाच आहे: हा आजार सेवेमुळे उद्भवला का, किंवा निदान सेवेमुळे बळावला का? उत्तर होकारार्थी असेल तर सेवेचा आणि अपंगत्वाचा असे दोन्ही भाग धरून निवृत्तिवेतन मिळते, आणि 50 टक्क्यांहून कमी अपंगत्वही सेवामुक्तीच्या प्रसंगी 50 टक्के धरले जाते. उत्तर नकारार्थी असेल तर अपंगत्वाचा भाग जातो. पूर्वी तर दहा वर्षांची सेवा पुरी न झालेल्याच्या हाती केवळ एकरकमी उपदान ठेवले जाई. 2020 मध्ये सरकारने ती अट शिथिल केली, मात्र 4 जानेवारी 2019 रोजी वा त्यानंतर सेवेत असलेल्या आणि पुन्हा कोणतीही नोकरी करण्यास कायमचे असमर्थ ठरलेल्या जवानांपुरतीच.

गोळीने मोडलेल्या मांडीच्या हाडाबाबत कारणाचा प्रश्न बहुधा वादाचा ठरत नाही. स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य किंवा आघातोत्तर तणावविकार यांचे कारण मात्र कोणत्याही रक्ततपासणीत उतरत नाही, त्यामुळे मंडळाला कागदांवर विसंबावे लागते. भरतीच्या वेळची तपासणी, रुग्णालयातील नोंदी आणि नेमणुकांची यादी यांच्या जोडीने एक कागद विशेष वजनाचा ठरतो: मनोरुग्ण जवानाबाबत त्याच्या कमांडिंग ऑफिसरने भरून द्यावयाचा एएफएमएसएफ-10 हा नमुना. जवानाची वागणूक, कामातील घसरण, सहकाऱ्यांशी संबंध, व्यसन, घरचे ताण यांविषयी त्यात लिहिले जाते. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची बदली नुकतीच झालेली असू शकते, आणि ज्याच्याविषयी लिहायचे त्याला तो जेमतेम ओळखत असतो. अशा वेळी 'घरगुती अडचणींमुळे ताण' एवढी एक ओळ पुरेशी होते, कारण आजाराचे मूळ घरात ठरले की सेवा आपसूकच मोकळी होते.

घर आणि सेवा असे हे विभाजन तपासून पाहण्यासारखे आहे. भावकीतला बांधाचा वाद गावात राहणाऱ्या माणसालाही असतो. पण तो पंचांकडे जातो, तलाठ्याला भेटतो, दोन शब्द बोलून किंवा ऐकून घेऊन मन हलके करतो. तोच वाद काश्मीरमधल्या चौकीवर रात्रपाळी करणाऱ्याला फोनवरून तुकड्यातुकड्यांनी कळतो, रजा मंजूर होत नाही, आणि युनिटने जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्राचे उत्तर येईतो पेरणी उलटून जाते. अशा ताणाला निव्वळ घरगुती म्हणणे म्हणजे त्याला असह्य करणाऱ्या अंतराचा हिशेबच न धरणे होय.

नियमांनी मुळात हा धोका ओळखलेला होता. 1982 च्या हक्कनियमांनुसार, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरायचे, पुढे वैद्यकीय कारणाने त्याला काढावे लागले तर ती घसरण सेवेमुळे झाली असे मानायचे, दावा सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकायचे नाही आणि रास्त शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. आजार भरतीवेळी ओळखता येण्यासारखा नव्हता असे मंडळाला म्हणायचे असेल, तर तशी कारणे नमूद करून म्हणायचे. व्यवहारात मात्र 'प्रकृतिगत विकार, सेवेशी संबंध नाही' असा ठरीव शेरा कारणाची जागा घेत आला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपस्माराच्या एका प्रकरणात अशा कारणाविना दिलेल्या मतास नकार दिला आणि गृहीतक जवानाच्या बाजूचे असल्याचे स्पष्ट केले. मनोविकारांबाबत वाट तितकी सरळ राहिली नाही: भरतीच्या वेळी नीट वागणाऱ्या माणसातला मनोविकार सहसा ओळखता येत नाही, असे म्हणत त्याच न्यायालयाने 2019 मध्ये स्किझोफ्रेनियाग्रस्त जवानाचा दावा फेटाळला, तर 2025 मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात मंडळाने कारणेच दिली नव्हती म्हणून जवानाला न्याय दिला. दरम्यान 2008 आणि 2023 च्या नियमांनी आजार आणि सेवा यांतील कार्यकारणसंबंधावर अधिक भर दिला आहे.

डॉक्टरांच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि पुरुषांमध्ये तो बहुधा विशीच्या आसपास, म्हणजे नेमका भरती आणि प्रशिक्षणाच्या वयात प्रकट होतो. तो मुलगा गावी राहिला असता तरी आजारी पडला असता, हे शक्य आहे. परंतु जे शक्य आहे ते घडलेच असते असे धरून चालता येत नाही. ज्या संस्थेने त्याला हजारोंतून निवडून, तपासून घेतले, आणि पुढे त्याची झोप, रजा, वस्तीची जागा, माणसांपासूनचे अंतर हे सारे स्वतःच्या हुकमतीखाली ठेवले, तिने शंकेचा भार उचलावा हेच न्याय्य आहे.

पुरावा विरळ का असतो, याचे उत्तरही सेवेच्या रचनेतच दडलेले आहे. वैद्यकीय श्रेणी खाली आली की बढती, कोर्स आणि सेवावाढ अडतात, हातातले शस्त्र काढून घेतले जाते, आणि बराकीत नजरा बदलतात. म्हणून जवान निद्रानाश लपवतो, रजेवर आल्यावर तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातून गोळ्या नेतो, कधी घरचे त्याला देवऋष्याकडे घेऊन जातात; सरकारी कागदावर यांतले काहीच उमटत नाही. लपवणे अशक्य झाल्यावर तो एकदम रुग्णालयात पोचतो, आणि सेवेतील ताणाची पूर्वीची नोंद आढळत नाही असा निष्कर्ष त्याच्याच मौनातून काढला जातो.

नागरी सरकारी कर्मचाऱ्याला सेवाकाळात अपंगत्व आले तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा त्याला नोकरीवरून काढू देत नाही. लढाऊ सैनिकांना अधिसूचनेने या संरक्षणातून वगळले आहे. सैन्याची गरज पाहता त्यामागचा विचार समजण्याजोगा आहे, पण नोकरीचे संरक्षण काढून घेतल्यावर निवृत्तिवेतनाचा निर्णय अधिक काळजीने व्हायला हवा, ही जबाबदारी त्यातूनच वाढते.

नकार मिळाल्यास पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण असा मार्ग आहे. न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत बसते. मार्ग चांगला आहे, पण तो चालायचा कोणी? स्वतःवरच संशय घेणाऱ्या किंवा दिवसचे दिवस अंथरुणातून न उठणाऱ्या माणसाने मुदतीत अर्ज करावा अशी ही अपेक्षा असते. प्रत्यक्षात पत्नी किंवा भाऊ डिस्चार्ज बुक आणि इंग्रजीतल्या मंडळ-कार्यवाहीची प्रत पिशवीत घालून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या चढतो, आणि कोणत्या रकान्यात नकार दडला आहे हे तिथल्या एखाद्या सहृदय निवृत्त सुभेदाराकडून समजून घेतो.

या साऱ्या काळात औषध थांबू नये, ही गोष्ट पैशाइतकीच निकडीची आहे. माजी सैनिकांना पॉलिक्लिनिकमधून उपचार देणारी ईसीएचएस योजना 2003 पासून चालू आहे, पण तिचे सदस्यत्व सर्वसाधारणपणे निवृत्तिवेतनाला जोडलेले असते. त्यामुळे मंडळाच्या एका शेऱ्याने निवृत्तिवेतन नाकारले गेले की मनोविकारावरच्या गोळ्यांचा लष्करी पुरवठाही तुटतो, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या गोळ्या बाजारातून, घरात नोकरी उरलेली नसताना, विकत आणाव्या लागतात.