शेकडा तीन म्हणजे किती?

पोळ्या लाटताना, बसच्या खिडकीशी बसून किंवा संध्याकाळी फिरायला गेल्यावर तुम्ही कानात काही ना काही ऐकतच असाल. जुनी गाणी, कीर्तन, बातम्या, भुताच्या गोष्टी. मग अर्थशास्त्राचा तास का नको? हसू नका, खरंच विचारतेय.

मी विद्यापीठात मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं चाळीस-पन्नास किलोमीटरवरून एसटीने येतात. सोयाबीनची काढणी सुरू झाली की अर्धे बाक रिकामे. कुणी पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतं, कुणी घरचं दुकान सांभाळतं. त्यांच्यासाठी मी दहा-बारा मिनिटांचे धडे फोनवर बोलून पाठवायला लागले. त्याला पॉडकास्ट म्हणतात, हे मला मुलांनीच सांगितलं.

पण अर्थशास्त्र म्हणजे आकृत्या. फळा नसताना मागणीचा वक्र आवाजात कसा काढायचा? दोन दिवस यावर डोकं खाजवलं आणि मग ऐकणाऱ्याच्या हाताचाच फळा केला. तुम्हीही करून बघा. डावा तळहात चेहऱ्यासमोर धरा, बोटं वर. अंगठ्याकडची उभी कडा म्हणजे कांद्याचा भाव. मनगटाची आडवी रेघ म्हणजे घरात येणारे किलो. भाव 80 रुपये असताना आपण पाव किलोवर भागवतो. उजव्या हाताचं बोट वर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. भाव 40 वर आला, किलोभर घेतला. बोट थोडं खाली, थोडं उजवीकडे. 20 झाला, दोन किलो. बोट तिरकं उतरत खाली आलं ना? झाला मागणीचा वक्र! परीक्षेच्या हॉलमध्ये एक मुलगा स्वतःच्या तळहाताकडे टक लावून बसला होता. पर्यवेक्षकांनी जाऊन हात तपासला. कोराच होता.

माझा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. दारं उघडून समोर बसायचं. साड्या आवाजाचा घुमारा शोषून घेतात. पंखा बंद, कुकर उतरवलेला. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला, म्हणजे 'फ' आणि 'भ' माइकवर फुंकरीसारखे आदळत नाहीत. लिहून आणलेलं वाचायचं नाही, चार मुद्दे समोर ठेवून बोलायचं, तेही एकाच कुणाशी. 'विद्यार्थी मित्रांनो' म्हटलं की आवाज आपोआप सभेतला होतो. फाइल मोनो आणि 64 केबीपीएसवर ठेवली तर दहा मिनिटांचा भाग पाच एमबीच्या आत बसतो. गावात रेंज एखाद्याच कोपऱ्यात मिळते, तिथे हे फार महत्त्वाचं. तोच भाग मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते आणि पॉडकास्टच्या ॲपवरही ठेवते. सोबत मजकूर लिहून देते, कारण एका मुलीला ऐकू येत नाही. ॲपमुळे आता सुरतेच्या कापड बाजारात काम करणारा, मूळचा खानदेशातला एक मुलगाही ऐकतो आणि भाग लांबला की तक्रार करतो.

"असं घरपोच दिलंत तर मुलं वर्गात येतील कशाला?" असं एका सहकाऱ्यांनी विचारलं. मला ही भीती पटत नाही. फोनला मध्येच थांबवून शंका विचारता येत नाही. ती विचारायला वर्गच लागतो. ज्याची बसच चुकली, तो तसाही येणार नव्हता.

मात्र वर्गाबाहेरचं कुणी शंका विचारेल, हे माझ्याही मनात नव्हतं. एका विद्यार्थिनीचा निरोप आला: "मॅडम, आई भाकरी करताना रोज माझ्यासोबत ऐकते. ती विचारते, बँकेच्या फलकावर व्याज 12 लिहिलंय आणि गावातले 3 मागतात, मग गावातलंच स्वस्त ना?" त्यांनी तसे 20,000 रुपये घेतलेही होते. आता बघा, बँकेचे 12 वर्षाचे. गावातलं शेकडा तीन महिन्याचं. म्हणजे महिन्याला 600 रुपये, वर्षाला 7,200. व्याजाचा दर 36 टक्के! आमच्या अभ्यासक्रमात व्याजाचे चार सिद्धांत आहेत, पण 'शेकडा तीन' हा शब्द कुठेच नाही.

मी त्या ताईंच्याच शब्दांत प्रश्न मांडून नऊ मिनिटांचा भाग केला. त्यांनी तो बचत गटाच्या बैठकीत लावला, दोनदा. नंतर गटाकडून शेकडा दोनने कर्ज उचलून आधीचं फेडलं. हेही वर्षाला 24 टक्केच, स्वस्त म्हणता येणार नाही. पण वर्षाचे 2,400 रुपये वाचले आणि बँकेत अर्ज करायचं गटातच ठरलं.

त्याच बैठकीतून आणखी एक प्रश्न आलाय: सोनं गहाण ठेवलं तर व्याज कशावर लागतं, दागिन्याच्या किमतीवर की घेतलेल्या रकमेवर? येत्या रविवारी पहाटे, शेजारचे मिक्सर सुरू व्हायच्या आत, तो भाग बोलायचा आहे.