दहा मरल्यांचं घर: आधी कागद, मग वीट

चंडीगडमधलं आमचं जुनं घर पाडून तिथेच नवं बांधण्याचं काम आम्ही नुकतंच पुरं केलं. इथे मराठी कुटुंबं बरीच आहेत. कोणी लष्करातून निवृत्त होऊन राहिलेले, कोणी प्रयोगशाळांत किंवा पीजीआय रुग्णालयात नोकरीला आलेले. ज्यांच्या आईवडिलांनी सुरुवातीच्या काळात घरं बांधली, त्यांची घरं आता थकली आहेत. ओळखीतल्या काहींनी फोन करून विचारलं, म्हणून घडलं ते क्रमाने लिहिते आहे.

बाबा मूळचे साताऱ्याचे. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था १९६२ मध्ये चंडीगडला आली, त्यानंतर काही वर्षांनी ते तिथे नोकरीला लागले. पुढे त्यांनी तीसच्या आतल्या एका जुन्या सेक्टरमध्ये दहा मरल्यांच्या प्लॉटवर घर बांधलं. दहा मरले म्हणजे २५० चौरस यार्ड, आपल्या हिशोबात २,२५० चौरस फूट. घर ओळीतलं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. पुढे छोटी बाग, मागे उघडं अंगण.

बाबा २०२१ मध्ये गेले. पुढच्या पावसाळ्यात वरच्या खोलीची कड गळायला लागली, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, एका कोपऱ्यात पाया उकरून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं की सगळं वजन विटांच्या भिंतींवर आहे, मध्ये कॉलम नाहीत. चंडीगड भूकंपाच्या चौथ्या झोनमध्ये येतं. या भिंतींवर आणखी मजला चढवणं धोक्याचं होतं. डागडुजीत पैसे घालण्यापेक्षा नवं बांधा, असं त्यांचं मत पडलं.

तेव्हाच एक बिल्डर घरी आला. त्याची योजना ऐकायला सोपी होती. जुनं घर तो स्वखर्चाने पाडणार, तीन मजले बांधणार, दोन आम्हाला देणार, एक स्वतः विकणार. वर काही रोख रक्कम. इथे अशी पुष्कळ घरं झालेली आम्ही पाहत होतो. मजला थेट विकता येत नाही, म्हणून घराचा एक-तृतीयांश हिस्सा विकायचा आणि कोणी कुठे राहायचं ते आपापसांतल्या करारात लिहायचं, अशी ती पद्धत. मला मोह झाला, हे कबूल करते. आमच्याकडे साठवलेला पैसा बांधकामाला पुरणार नव्हता. आई मात्र परत परत एकच विचारत होती, "परका माणूस वर राहायला आला तर घर आपलं कसं राहील?"

आम्ही विचार करत होतो तेवढ्यात, १० जानेवारी २०२३ रोजी, याच पद्धतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती नागरत्ना यांचं खंडपीठ होतं. गवई मूळ अमरावतीचे, त्यामुळे तिथल्या मावशीचा फोन सगळ्यांत आधी आला. मागचा इतिहास असा. चंडीगडमध्ये २००१ साली अपार्टमेंटचे नियम आले होते. लोकांचा विरोध झाला आणि २००७ मध्ये ते मागे घेतले गेले. तरी हिश्श्यांच्या मार्गाने घरांचे मजले विकले जातच राहिले. म्हणून रहिवाशांची संघटना न्यायालयात गेली होती.

निकाल मी पूर्ण वाचला. आमच्यासारख्यांच्या कामाचा भाग थोडक्यात सांगते. सेक्टर १ ते ३० हा शहराचा पहिला टप्पा. तो वारसा म्हणून जपायचा आहे. तिथे एका घराचे तीन फ्लॅट करण्याचा हेतू ज्या नकाशात वरवर पाहताच दिसतो, तो नकाशा मंजूर करायचा नाही. सहमालकांनी आपापसांत मजले वाटून घेण्याचा करार केला, तर त्याची नोंदणी होणार नाही आणि तो कायद्याने बंधनकारकही राहणार नाही. पुढचा विचार चंडीगडच्या हेरिटेज समितीने करायचा आणि त्यावर अंतिम निर्णय केंद्र सरकारचा. त्यानंतर फेब्रुवारीत प्रशासनाने कुटुंबाबाहेरच्या माणसाला हिस्सा विकण्याची नोंदणी थांबवली.

बिल्डर पुन्हा आला. म्हणाला, नोंदणी नको, नोटरीकडे करार करू, थोड्या दिवसांत सगळं मोकळं होईल. निकालातला करारांबद्दलचा परिच्छेद मी त्याच्यासमोर ठेवला. त्याने वाचला नाही. आम्ही नकार दिला. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने असाच करार करून आगाऊ रक्कम घेतली होती. त्यांना ती परत करावी लागली, आणि घर अर्धं पाडलेलं होतं.

मग पुण्याहून दादा आला आणि आम्ही स्वतःच्या हिमतीवर लहान घर बांधायचं ठरवलं. दोन मजले, गच्चीवर एक खोली. काही पैसे दादाने घातले, काही कर्ज काढलं.

पहिला अडथळा नावाचा होता. घर बाबांच्या नावावर, मृत्युपत्र नाही. मृत माणसाच्या नावावर नकाशा मंजूर होत नाही आणि बँकही कर्ज देत नाही. वारसांची प्रतिज्ञापत्रं, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, असं करत घर आई, दादा आणि मी अशा तिघांच्या नावावर झालं. हे काम सगळ्यांत आधी सुरू करा. बाकीची कामं यामुळेच अडून राहतात. दादा पुण्यात असल्यामुळे त्याच्या प्रत्येक सहीला वेळ लागायचा. शेवटी त्याने माझ्या नावाने नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून दिलं, तेव्हा गाडी पुढे सरकली.

दादाचा पहिला प्रश्न पुण्याच्या सवयीने होता, "एफएसआय किती मिळतो?" इथे सुरुवात तिथून होत नाही. शहर घडवणारे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए आणि पिअर जान्नरे यांच्या काळापासून इथे प्रत्येक प्लॉटला आखून दिलेली चौकट आहे. मोठ्या प्लॉटना झोनिंग प्लॅन लागू होतो. कुठल्या भागात बांधायचं आणि कुठली जागा उघडी ठेवायची, ते त्यावर आखलेलं असतं. २५० चौरस यार्ड आणि त्याहून लहान घरांना फ्रेम कंट्रोल लागू होतो. त्यात पुढच्या भिंतीची रेषा, उंची, दारं-खिडक्यांची मापं, फाटक, कुंपणाची भिंत, सगळं ठरलेलं. आतली रचना तुमची, समोरचा चेहरा ओळीचा.

हे आम्हाला नकाशा काढण्याआधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण तोवर एका ड्राफ्ट्समनने पैसे घेऊन सुंदर चित्र काढून दिलं होतं. समोर उंच काच, पुढे आलेली बाल्कनी. आईला ते फार आवडलं होतं. नंतर आम्ही कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या वास्तुविशारद बाईंकडे गेलो. त्यांनी चित्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या ओळीची फ्रेम कंट्रोल शीट कुठे आहे? जुना मंजूर नकाशा कुठे आहे?" दोन्ही आमच्याकडे नव्हते. रेकॉर्डमधून त्यांच्या प्रती मिळवल्या.

जुना नकाशा हातात आल्यावर दिसलं की मागच्या अंगणातली पत्र्याची खोली त्यात नाहीच. कधी तरी सामान ठेवायला उभी राहिली होती, आणि आम्ही ती घराचाच भाग धरून चाललो होतो. अशा बांधकामावर जुनी नोटीस किंवा थकबाकी आहे का, हे बाईंनी आधी तपासायला लावलं. सुदैवाने तसं काही नव्हतं.

नव्या नकाशात बाईंनी आतून एकच जिना आणि पुढून एकच दार ठेवलं. प्रत्येक मजल्याला बाहेरून वेगळा जिना आणि वेगळं स्वयंपाकघर असेल तर ते तीन फ्लॅटच दिसतात, आणि निकालानंतर तशा नकाशाकडे बारकाईने पाहिलं जातं, असं त्या म्हणाल्या. नकाशा ऑनलाइन दाखल झाला. काही हरकती निघाल्या, एक खिडकीच्या मापाची, एक मागच्या अंगणाची. दुरुस्त करून पुन्हा दिला आणि मंजुरी आली.

पाडण्याच्या आधी एक गोष्ट केली, ती सगळ्यांनी करावी. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना घेऊन सामाईक भिंतींचे फोटो काढले. आधीपासून असलेल्या भेगांवर तारीख लिहिली. कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. उजवीकडचे सरदारजी आधी नाराज होते. पाडताना त्यांच्या जिन्याखाली नवी भेग पडली. फोटो होते म्हणून भांडण झालं नाही. ती भेग आम्ही ठेकेदाराकडून भरून दिली.

मलबा रस्त्यावर टाकायचा नाही आणि दारातल्या सरकारी झाडाला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे ठेकेदाराला करारातच लिहून दिलं होतं. ट्रक वळवायला फांदी आड येते म्हणून त्याला ती छाटायची होती. आम्ही लहान गाडी आणायला लावली.

खरा ताण जोत्याशी आला. इथे पाया जोत्यापर्यंत आला, ओल वर चढू नये म्हणून घालतात तो डीपीसीचा थर पडला, की मोजणी करून घ्यावी लागते. तो दाखला मिळेपर्यंत वर भिंत चढवायची नाही. ठेकेदार घाईत होता. छठपूजा जवळ आली होती आणि बिहारची माणसं गावी निघणार होती. "मॅडम, विटांचे चार रद्दे चढवून घेऊ, कोण बघतंय," असं तो रोज म्हणायचा. मजूर बसून राहिले की पैसा जातो. रात्री झोप लागत नव्हती. तरी आम्ही थांबलो. मोजणीत एका बाजूची रेषा थोडी बाहेर गेलेली निघाली. भिंत नव्हती, म्हणून ती एका दिवसात सुधारता आली. वर मजला उभा असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही करवत नाही.

पुढचं काम त्या मानाने सरळ झालं. मंजूर नकाशाची प्रत आम्ही साइटवर भिंतीला लावून ठेवली होती. मिस्त्रीने काही बदल सुचवला की आधी बाईंना फोन. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आणि मगच आम्ही राहायला गेलो.

प्रमाणपत्र मिळाल्यावर ठेकेदार म्हणाला, आता मागचं अंगण झाकून टाका, सगळेच करतात. आम्ही झाकलं नाही. तिथून आईच्या खोलीत उजेड आणि वारा येतो. ओळीतल्या प्रत्येक घराचं अंगण उघडं राहिलं तरच सगळ्यांना हवा मिळते, हे तिथे राहिल्यावर नीट कळलं. आधी मला हे नियम जाचक वाटत होते. आता वाटत नाहीत.

इथे घर बांधायला काढाल, तर विटांचा भाव विचारण्याआधी चार गोष्टी हातात घ्या. घर हयात वारसांच्या नावावर झाल्याचा कागद, तुमच्या प्लॉटची झोनिंग किंवा फ्रेम कंट्रोल शीट, जुना मंजूर नकाशा, आणि थकबाकी व नोटीस नसल्याची खात्री. डीपीसीचा दाखला मिळाल्याशिवाय एकही रद्दा चढवू देऊ नका. आणि सेक्टर १ ते ३० मध्ये कोणी मजला वाटून घेण्याचा करार घेऊन आला, तर कितीही रक्कम दाखवली तरी सही करू नका.