मुक्तांबेच्या गावातली पद्मिनी

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणारा रस्ता ओरत्तनाडूत शिरतो, तेथे एक दगडी रथ उभा आहे. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, मुक्तांबा या आपल्या प्रेयसीच्या नावे, रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी बांधलेले हे अन्नछत्र. त्याच्या चौथऱ्यास रथाचे रूप दिलेले असून पुढे घोडे-हत्ती जुंपलेले आहेत. पंगती केव्हाच उठल्या. रथ मात्र दोनशे वर्षे निघण्याच्या बेतात आहे.

त्याच गावात, नारळीच्या झावळ्यांनी शाकारलेल्या एका पडवीत, आणखी एक वाहन तीन आठवडे असेच निघण्याच्या बेतात उभे होते. १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. मालक निवृत्त शाळामास्तर, तंजावरी मराठी घराण्यातले. घरात अजून मराठी बोलली जाते. तिच्यातले निम्मे शब्द तमिळ असले तरी बोलणाऱ्यांना ते वेगळे जाणवत नाहीत. आपले पूर्वज महाराष्ट्रातल्या कोणत्या गावाहून आले हे त्या घरात कुणालाच सांगता येत नाही. मोटारीचे मूळ गाव मात्र सर्वांना ठाऊक आहे: मुंबईतले कुर्ला.

ती वडिलांनी घेतलेली. वडील इंजिनाचे बोलणे ऐकत, असे मास्तर सांगतात. पावसाळी सकाळी चोक किती ओढायचा, तो केव्हा आत ढकलायचा, स्लो किती ठेवायचा, हे ते कानाने ठरवीत. ही विद्या मुलाकडे आली, पण निम्मीच. कार्ब्युरेटर हे यंत्रच मुळी अशा अर्धवट विद्येवर चालणारे. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथला दाब उतरतो, आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढले जाते. बाहेर ऊन आहे की पाऊस, पेट्रोल कसले आहे, याची त्याला वार्ता नसते. पण ते क्षमाशील असते. पॉइंट झिजलेले असोत, टायमिंग चुकलेले असो, कुठे हवा गळत असो. कुरकुरत का होईना, गाडी घरी आणते.

पेट्रोल बदलले आणि ही क्षमा अपुरी पडू लागली. २०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास झाले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीचाच असतो, त्यामुळे अशा इंधनाला जळण्यास हवा कमी पुरते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, याला त्याहून कमी. जुन्या हिशेबाच्या जेटमधून जाणारे मिश्रण म्हणूनच पातळ ठरते. इंजिन तापू लागले, चढावर धाप टाकू लागले. जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ झाल्या. मास्तरांना या गाडीने एकदा रामेश्वरास जायचे होते. वडिलांचे ते राहून गेले होते. तेव्हा कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसवावे, असे गावातल्या तरुण मेकॅनिकने सुचविले.

कल्पना नवी नव्हती. फोक्सवॅगनच्या मोटारीत बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ सालीच आले होते. भारतात मात्र २००० सालच्या उत्सर्जन मानकांनंतरच नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार होत गेला, आणि पद्मिनीचे उत्पादन त्याच सुमारास आटोपले. तिच्या १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाला कार्ब्युरेटरच्या जागीच बसणारी थ्रॉटल बॉडी बेताने जुळवून घ्यावी लागली. इंजिनावरचा यांत्रिक पंप काढून टाकीजवळ विजेचा पंप आला. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी नळी आली. टाकीतला गंज धुऊन निघाला. पाण्याचे तापमान मोजणारा एक सेन्सर, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा दुसरा, आणि धुराड्याच्या नळीला भोक पाडून वेल्डिंगने बसविलेला ऑक्सिजन सेन्सर. या सर्वांचे ऐकून पेट्रोल किती फवारायचे ते ठरविणारी हातभर तारांची पेटी डॅशबोर्डखाली गेली.

किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. घरच्यांनी नारळ फोडला. तो जरा लवकर फोडला गेला.

संध्याकाळी दिवे लावून गाडी उभी करताच ती बंद पडली. जुना डायनामो स्लोवर पुरेशी वीज देत नव्हता. पंप आणि पेटी दोन्ही उपाशी. तेथे अल्टरनेटर आला. मग पेटी इंजिनाचे फेरे भलतेच मोजू लागली, कारण स्पार्क प्लगच्या जुन्या तांब्याच्या तारांचा विद्युत्-कोलाहल तिच्या कानी जात होता. तारा बदलल्या. हे दोन्ही दोष ओळखीचे निघाले.

तिसऱ्याने मात्र आठवडा खाल्ला. गाडी स्लोवर डोलू लागे, मागून काळा धूर निघे, पेट्रोलचा वास डोळ्यांत झोंबे. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला. पडद्यावर एकच उत्तर: मिश्रण पातळ आहे, पेट्रोल वाढवीत आहे. त्याने नवा सेन्सर आणून लावला. उत्तर तेच.

चौथ्या दिवशी मास्तरांनी प्लग काढायला सांगितले. चारही प्लग काजळीने मखमलीसारखे काळे. पातळ मिश्रणावर चाललेला प्लग पांढुरका पडतो, एवढे वडिलांनी शिकविले होते.

‘‘तंबी, तुझी पेटी पातळ म्हणते. हा प्लग जाड म्हणतो. दोघांतला एक खोटं बोलतोय.’’

‘‘अय्या, पेटी खोटं बोलत नाही,’’ पोरगा म्हणाला. थोडा वेळ प्लग बोटांत फिरवून तो पुटपुटला, ‘‘तिला कुणी खोटं सांगत असेल तर?’’

पोरगा मोठा मेकॅनिक होईल, असे मास्तर सर्वांना सांगतात ते या वाक्यासाठी. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त धुरात उरलेला ऑक्सिजन कळतो. सेन्सरच्या अलीकडे धुराड्याला बारीकशी फट असेल, तर धुराच्या दोन धक्क्यांमधल्या क्षणी नळीतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन पाहून सेन्सर सांगतो, मिश्रण पातळ आहे. पेटी पेट्रोल वाढविते. इंजिन काजळते. फट तशीच असते, म्हणून सेन्सर पुन्हा तेच सांगतो.

इंजिन निववून सायलेन्सरच्या तोंडी ब्लोअर लावला आणि जोडांवर साबणाचे पाणी सोडले. मॅनिफोल्डच्या मागच्या कोपऱ्यात, हात जेमतेम पोचेल अशा जागी, बुडबुडे धरले. गॅस्केट जुनेच होते. कार्ब्युरेटरच्या काळात या फटीने फार तर थोडा फटफट आवाज केला असता.

गॅस्केट बदलल्यावर डोलणे थांबले. प्लगचा रंग दोन दिवसांत विटकरी झाला.

एक प्रश्न मात्र गॅस्केटने सुटण्यासारखा नव्हता. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. अट ही की ती मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पद्मिनीची पन्नाशी २०२४ मध्येच भरली होती. मास्तरांच्या मुलाचे मत, गाडी आहे तशी जपायला हवी होती. मास्तरांनी त्याला छत्रापाशी नेऊन तो रथ दाखविला आणि विचारले, हा कुठवर जातो? मुलाला ते पटले नाही, आणि त्याचेही चुकत नाही. म्हणून कार्ब्युरेटर तेल लावून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आहे. यांत्रिक पंप, डायनामो, जुना डिस्ट्रिब्युटर, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून. धुराड्याच्या नळीतले भोक सोडल्यास कुठेही काही कापलेले नाही.

चोकची मूठही डॅशबोर्डवर तशीच आहे. तिची तार आता कशालाच जोडलेली नाही. काढून टाकू का, असे पोराने विचारले होते. रामेश्वरास निघण्याच्या पहाटे पाऊस भुरभुरत होता. मास्तरांनी किल्ली फिरविण्यापूर्वी ती मूठ अर्धी ओढली, इंजिन लागल्यावर क्षणभर कान दिला, आणि हळूच आत ढकलली.