मी रायवळ, तू हापूस?

प्रिय बाळू,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. ‘ताई आभार मानायला लागली की मला सुचत नाही,’ असं बायकोजवळ म्हणालास म्हणे. घाबरू नकोस, आभार मानत नाहीये.

परवा रिपोर्ट आला. माझ्या रक्तातल्या पेशींची गुणसूत्रं एक्सवाय निघाली, सगळी पुरुषाची! लॅबमधली नवी मुलगी एकदा कागदाकडे, एकदा माझ्या कुंकवाकडे बघत होती. केसांची मुळं मात्र अजून माझीच, एक्सएक्स. नमुना कुठून घेतील त्यावर आता मी ताई की दादा ते ठरायचं.

आपण चौघं भावंडं. माझ्या कॅन्सरवर मज्जा-प्रत्यारोपण करायचं तर पेशींवरच्या ओळखखुणा जुळायला हव्यात. त्या अर्ध्या आईकडून, अर्ध्या बाबांकडून. दोन्ही अर्धी सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. जुळलं कुणाचं? ज्याच्याशी माझं जन्मात पटलं नाही त्याचं!

मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतराव्यात म्हणून रोज इंजेक्शनं घेतलीस. हाडं ठणकत होती ना? मला पत्ता लागू दिला नाहीस. मग तासन्‌तास त्या यंत्राला जोडून पडलास, आणि निघाली एक लालसर पिशवी. ती शिरेतून सोडली, बस्स. मज्जेतून येणाऱ्या रासायनिक खुणेचा माग काढत त्या पेशी आपल्या आपण हाडांत शिरल्या. तू मात्र अजून दादरला उतरलास की पूर्व-पश्चिम विसरतोस.

डॉक्टरांना काय म्हणालास, आठवतं? ‘म्हणजे रायवळवर हापूसचं कलम बांधतो तसंच की.’ ते हसले. मी रायवळ आणि तू हापूस, हे ठरवलं कुणी?

या उपचाराचा पाया घालणाऱ्या डोनाल थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं. १९५०च्या दशकात त्यांना यश आलं ते एकसारख्या जुळ्यांमध्ये, कारण त्यांच्या पेशी एकमेकींना परक्या वाटत नाहीत. आपण कुठले जुळे! तुझ्या पेशी माझ्या कातडीवर उठल्या, अंगभर पुरळ. डॉक्टर म्हणाले, थोडं भांडण चांगलंच. त्यात उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशीही मरतात. म्हणजे तुझ्या भांडकुदळपणाचा एकदा तरी उपयोग झाला.

लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. माझ्या जुन्या सरत गेल्या, तसा ओ ग्रुप जाऊन तुझा बी आला. सेकंदाला वीसेक लाख नव्या लाल पेशी तयार होतात, त्याही तुझ्याच वळणाच्या. लहानपणीच्या लशी तेवढ्या पुसल्या गेल्या. धनुर्वातापासून पुन्हा सुरुवात. परवा तान्ह्या बाळांच्या रांगेत बसले होते, हस तू.

पिशवी चढत होती तेव्हा काचेपलीकडे तू पाठ करून उभा होतास. का, ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

गणपतीला येतेय. जागरण झेपणार नाही, मोदक झेपतील. आणि गोठ्यामागच्या जागेच्या कागदावर मी अजूनही सही करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
ताई